दोन बेटांचे दोन रुपये

सांगलीच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा अब्बा माझ्यापेक्षा जास्त खुशीत होते. पोचवायला आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "मॉरिशसला पण रुपयाच चालतोय! मग त्यो परदेश कसला?" अम्मी पदरानं डोळे पुसत होती. गाडी हलली तशी अब्बा खिडकीबरोबर चालू लागले. "तस्नीम, दर कळवत जा गं!"

"हळदीचा?"

"रुपयाचा!"

पोचवायला आलेले सगळे खदाखदा हसले. मीही हसले, आणि हायवेला लागेपर्यंत रडले.

अब्बांचं आयुष्य हळदीच्या सौद्यात गेलेलं. दर चढला की आमच्या घरी मटण आणि उतरला की आमटी. त्यामुळे पोर्ट लुईला चलन बदलून देणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा पोरगी आपल्याच धंद्यात आली असं त्यांना वाटलं. सहा महिने काउंटरवर काढल्यावर साहेबांनी एक काम दिलं. मॉरिशसचा रुपया आणि सेशेल्सचा रुपया, दोघांमधला जुन्या काळापासूनचा दर गोळा करून आलेख काढायचा. सेशेल्स म्हणजे आमच्या उत्तरेला, विमानानं दोन-अडीच तासांवर असलेली बेटं. त्यांच्या पैशालाही रुपयाच म्हणतात.

काम रटाळ असेल असं वाटलं होतं. पण जुने आकडे उघडले आणि मी जेवण विसरले. कितीतरी वर्षं एकाला एक! माझी घरमालकीण लक्ष्मीमावशी, तिचे पणजोबा कोकणातून इथे आलेले. तिचं मराठी आपलंच, पण इथल्या क्रिओल बोलीत मुरलेलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "व्हय तर. माझा बाप बोटीवर होता. तिकडचे पैसे आणायचा, इथं तेवढ्याला तेवढेच भेटायचे." पुढे दोन्ही रुपये वेगळे झाले. सेशेल्सचा चढत चढत आमच्या पाचांच्या बरोबरीला गेला, मग एका वर्षाअखेरीस काही आठवड्यांत निम्म्यावर आला. सावरला. साथीत पर्यटक थांबले तेव्हा पुन्हा गडगडला, पुन्हा उठला. आमचा बिचारा न गडबडता, हळूहळू झिजणारा. एखाद्या घराण्याची कहाणी वाचावी तशी मी ती रेघ वाचत होते.

आणि त्याच महिन्यात अम्मीच्या बहिणीनं, माझ्या खालानं, स्थळ आणलं. मुलगा लोणंदचा, इम्रान, सेशेल्सला एका हॉटेलात एसी दुरुस्तीच्या कामावर! खाला म्हणाली, "दोघं पण समुद्रापल्याड. जवळच की!" फोनवर बोललो, आवडला. निकाहची बोलणी झाली आणि प्रश्न आला, राहायचं कुठे? इम्रानच्या अम्मींनी एका वाक्यात मिटवलं, "आमच्या पोराचा एक रुपया म्हंजे तिचे तीन. तिनंच जायचं." अब्बांनाही पटलं. "भारी रुपया सोडून कोण हलक्यात राहील?"

मी पेटून उठले. आलेख इम्रानला पाठवला आणि फोन केला. "बघ, तुझा रुपया कसा आपटतो ते!"

"आन तुझा? रोज झिजतोय की."

"झिजतोय, पण आपटत नाही."

"आगं, माझा पडला तरी उठतोय. बघ की पुढं!"

अर्धा तास आम्ही भांडलो. खरं सांगू, इतकी मजा मला कुणाशी बोलताना आली नव्हती. मग तो अचानक थांबला. "तस्नीम, ते रेघांचं राहू दे. तुला ही नोकरी सोडायचीय का?"

इतक्या बोलण्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही. "नाही," म्हणाले. "मला हे काम लय आवडतं."

स्थळ गेलं, असं मी धरून चालले.

"मग मी येतो," तो म्हणाला. "तिथं काय एसी बिघडत न्हाईत व्हय?"

त्याच्या अम्मी दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. भारी रुपयाच्या देशात भाडं आणि भाजीसुद्धा भारी असते, हे इम्राननं त्यांना कितीदा समजावलं. त्यांना पटलं की त्या थकल्या, माहीत नाही. पण सांगलीत निकाहच्या दिवशी माझ्या हातात बांगड्या त्यांनीच चढवल्या. इम्रानला इथल्या एका हॉटेलात काम मिळालं आणि तो विमानातून उतरला तो थेट माझ्या काउंटरवर. "बाई, हे बदलून द्या," म्हणत बचत पुढे सरकवली. त्या दिवशी सेशेल्सचा रुपया चांगला चढला होता. सगळ्या ऑफिसनं टाळ्या वाजवल्या, आणि मी लाजून दोनदा चुकीची बटणं दाबली.

जे माझ्यासारखे घर सोडून गेलेत, त्यांना माहीत आहे, सुरुवातीला प्रत्येक वस्तूची किंमत मनात सांगलीच्या पैशात फिरते. पावाची, बसची, साबणाची. ते कधी थांबतं ते कळत नाही. माझं थांबलंय.

यंदा अब्बा-अम्मी पहिल्यांदा इथे आलेत. परवा संध्याकाळी अम्मी माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, इम्रान आणि लक्ष्मीमावशी चहाला बसले होते, आणि सांगलीच्या मार्केट यार्डातून अब्बांच्या दोस्ताचा फोन आला. तो इतका ओरडून बोलतो की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "कुठं हायसा?"

"घरीच हाय की," अब्बा म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

अम्मीनं वळून पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी गॅस बारीक केला.