रिसोडला जीप बघायला गेलो, चुंबक घेऊन

जुनी गाडी विकणारा माणूस खोटं बोलतोच, किती ते आपण शोधायचं असतं, असं माझं ठाम मत. म्हणून रिसोडला जुनी जीप बघायला निघताना खिशात चुंबक टाकला. पत्र्याला चिकटला नाही, की समजायचं, रंगाखाली पुट्टी भरलीय.

अकोल्याहून सकाळी सातला निघालो, माझ्या नव्या जीपने. नवी म्हणजे दोन वर्षं वापरलेली, साडूकडून घेतलेली. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला आलुबोंडा आणि चहा, चाळीस रुपयांत पोट टम्म. पुढे सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागे रांगावं लागतं, तेव्हा बाजाराचा दिवस टाळा.

जीप विकायला काढलेल्या वानखडेकाकांनी तिच्यातून तीस वर्षं रिसोड-वाशीम सवाऱ्या वाहिल्या. जीप अंगणात धुऊन पुसून उभी. इतकी धुतली कशाला, असंच पहिल्यांदा माझ्या मनात आलं. काका चहा सांगायला आत गेले, तसा मी चुंबक काढला. मागच्या बाजूला तो सटकन खाली पडला. सापडला बेटा!

"तिथं बैलानं शिंग मारलं होतं," काका मागून म्हणाले. "म्याच भरली पुट्टी. आता तुमची दाखवा."

मी ओशाळलो. काका माझ्या गाडीभोवती फिरू लागले, तेही माझ्याइतक्याच संशयाने.

"बिजागऱ्या अजून बाहेरच हायेत?"

"ते नुसतं दिसायला, काका. जुन्याची नक्कल."

"दिसाले काहून? सवाऱ्या वाढल्या का आमी दारंच काढून ठेवत होतो. बिजागरी बाहेर असली का दार लवकर निघते."

ते खरं होतं. कंपनी जुना चेहरा लावून आपल्याला गंडवते, असं मला कायम वाटायचं. पण दोघी शेजारी उभ्या पाहिल्या आणि पटलं. तेच गोल दिवे, तसंच सपाट बॉनेट, चिखलात चाकाला खेळायला तशीच मोकळी जागा. माझी अंगाने सुटलेली, एवढाच फरक.

काका गोणपाट टाकून माझ्या गाडीखाली शिरले.

"चेसी बी तशीच, शिडीवानी. डोये मिटून सांगतो कुठं काय हाये ते." मग कुठंतरी टकटक करून थांबले. "भाऊ, हे ठोकली होती का?"

"छे! ओरखडासुद्धा नाही."

"मंग हे वेल्डिंग कायचं?"

त्यांनी माझा हात धरून पुढच्या चाकामागे नेला. काळ्या रंगाखाली जाड, खडबडीत सांधा बोटाला लागला. दुसऱ्याच क्षणी वाटलं, म्हातारा आपली जीप खपवायला घाबरवतोय.

पण ते म्हणाले, "माह्या जीपचं मंग पाहू. पह्यले हे नीट करा. लेकराबाळाईले बसवू नोका हिच्यात."

जीप न घेताच परतलो. चाळीसच्या वर वेग नेला नाही, प्रत्येक खड्ड्याला कान टवकारले. अकोल्यात घरी जाण्याआधी गॅरेज गाठलं. मेकॅनिकने गाडी वर चढवली आणि बोट ठेवलं ते नेमकं त्याच जागी. सांधा एका कडेने उकलायला लागला होता. याच गाडीतून गेल्या महिन्यात मुलींना घेऊन आम्ही घाट उतरलो होतो.

तिथूनच साडूला फोन लावला. गाडी कधी ठोकली होती का, एवढंच विचारलं.

"झाडावर गेली होती एकदा," तो म्हणाला. "तू विचारशील म्हणून दुरुस्तीची बिलं काढून ठेवली होती रे. तू विचारलंच नाहीस."