रोरोची दृष्ट

करंजाडीच्या पुढे, आमच्या गावावरच्या डोंगरात एक बोगदा आहे. गाडी त्यातून बाहेर पडते, वळण घेते आणि पुन्हा झाडीत दिसेनाशी होते. एवढ्याशा वळणाचे फोटो काढण्यात माझी सुट्टी जाते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आठवडाभर केमिकलचा वास नाकात भरून घेतला की मला तिथं जाऊन बसावंसं वाटतं. भात पिवळं पडू लागलेलं असतं, सकाळचं धुकं दरीत साचून राहिलेलं असतं. आधी रूळ गुणगुणतात, गाडी मागून येते. त्या मधल्या वेळात मी जागा असतो की नाही, मलाच सांगता येत नाही. बायको म्हणते, "तीच गाडी, तोच डोंगर, किती फोटो काढाल?" हौसेला मोल नसतं, हे तिला कोण सांगणार! विजेचे खांब आल्यापासून मात्र प्रत्येक फोटोत एक खांब नाक खुपसतो. त्यांच्यावर माझा अजून राग आहे.

माझा दादा ट्रक चालवतो. कोलाडला त्याचा ट्रक मालगाडीच्या उघड्या वॅगनवर चढवतात आणि ट्रकांची अख्खी रांग रेल्वेनं दक्षिणेकडे जाते. तिला रोरो म्हणतात. ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसलेले असतात. स्टिअरिंग समोर, पण चालवायचं काहीच नाही. रोरो आमच्याकडे थांबत नाही, त्यामुळे दादा घरावरून जातो आणि घरी येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर माल उतरवताना ट्रकचा मागचा फाळका त्याच्या हातावर पडला. "जरा खरचटलंय," एवढंच त्यानं फोनवर सांगितलं. तेव्हापासून तो आलाच नाही. व्हिडिओ कॉल केला की पडद्यावर नुसतं तोंड. आई म्हणायची, "हात दाखव रे," की लगेच त्याची रेंज जायची. आईच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं त्याला बजावलं, "डोंगरावरून जाशील तेवा दोनी हात भायेर काढ. मी बघाय येते."

दादाचा कोलाडहून फोन आला तशी मी आईला घेऊन डोंगर चढलो. तिनं पदराच्या गाठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या बांधून आणल्या होत्या.

"पोराची दृष्ट काढायची हाय."

"अगं, धावत्या गाडीतल्या एकट्या माणसाची दृष्ट कशी काढणार?"

"मग अख्ख्या गाडीची काढीन."

मालगाडीला कुणी मान देत नाही. आधी पॅसेंजर पुढे काढतात, तोवर ती कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभी. पॅसेंजर आली. दारात पाय सोडून बसलेली माणसं, खिडकीत केस विंचरणारी एक बाई, सगळं धुक्यातून आलं आणि धुक्यात गेलं. मी फोटो काढला. आईनं विचारलं, "ही नाय ना?"

मी नेहमीसारखा पूर्वेला, उन्हाच्या अंगाला बसलो होतो. पुन्हा रूळ गुणगुणले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की दक्षिणेकडे तोंड केलेल्या ट्रकचा ड्रायव्हर उजव्या हाताला बसतो. म्हणजे पलीकडे. फोटोसाठी ऊन बघायची सवय. आज कुणाला बघायला आलोय याचा विचारच केला नव्हता. आता रूळ ओलांडायला वेळ नव्हता. आईला काय सांगू?

बोगद्यातून रोरो निघाली. ताडपत्री बांधलेले ट्रक वरातीसारखे सावकाश, एकामागून एक. आई मूठ ओवाळत पुटपुटत होती, "आल्यागेल्याची, घाटाची, पुलाची, कोणाची नजर लागली असंल ती जाऊ दे." पुढचे ड्रायव्हर पलीकडच्या सीटवरून वाकून तिच्याकडे बघत, हसत गेले. आणि मग निळ्या केबिनच्या आमच्या बाजूच्या खिडकीतून दादा अर्धा बाहेर आला. तो क्लीनरच्या सीटवर सरकून बसला होता. मी उन्हाच्या अंगालाच असणार हे त्याला ठाऊक होतं. माझे सगळे फोटो त्याच्या फोनवर जातात. त्यानं दोन्ही हात वर केले. मी बटण दाबलं.

"बघितलास? दोनी हात!" आई म्हणाली. उतार उतरताना ती लहान मुलीसारखी पुढे पळत होती.

घरी ओटीवर बसून मी कॅमेऱ्यात फोटो मोठा करून पाहिला. डाव्या हाताची करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. मला रडू आलं. जे फोनवर सांगता येत नव्हतं ते त्यानं खिडकीतून सांगितलं होतं. मी घाईघाईनं फोटो पुन्हा लहान केला. तेवढ्यात आई आली.

"मोठा कर."

"चांगला आलाय की."

"नातवंडांचे करतोस तसा मोठा कर रे."

केला. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. अंगठ्यानं पडद्यावरचा तो हात पुसल्यासारखा केला. मग उठून तिनं मीठमिरच्या चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती, असं आमच्याकडे समजतात.

"लय मोठी व्हती," आई चुलीकडे बघत म्हणाली. "जिवावरचं बोटांवर निभावलं."

दुपारी रत्नागिरीकडून दादाचा फोन आला. "आये, दिसलो का गो?"

"दिसलास रे," आई म्हणाली. "सगळा दिसलास. आता घरी ये."

या वेळी दादाची रेंज गेली नाही.