खालच्या घाटाची नाव

तारिहाळच्या कारखान्यातून आमची इंजिनाची लोखंडी नाव लॉरीवर चढली, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत राहिली. हुबळीच्या आसपास नदी नाही, म्हणून नवल. ती बनवणारे बसवराज आजवर पाण्याच्या टाक्या करत आलेले. एका शेततळ्यात उतरवून त्यांनी ती तरंगते का ते बघितलं होतं, तरी लॉरीपुढे मोटारीतून जाताना त्यांची मान सारखी मागे वळत होती.

मोटारीत तिघंच होतो. बसवराज, कमरीपेठेतले कापडाचे व्यापारी रघुनाथअण्णा, आणि मी, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. जायचं होतं कृष्णेतल्या एका नडुगड्डेवर (नदीतल्या बेटावर). तीन वर्षांपूर्वी पुराने तिथली घरं नेली. पहिल्या आठवड्यात गावोगावची ब्लँकेटं आणि बिस्किटं पोचली, मग गाड्या यायच्या बंद झाल्या. रघुनाथअण्णा मात्र जात राहिले आणि बाजारपेठेतल्या इतर दुकानदारांनाही त्यांनी देतं ठेवलं. आधी छपरं झाली, मग शाळेची खोली. यंदा बेटावरच्या लोकांनी नाव मागितली.

दुपारी एका खानावळीत जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि भरली वांगी खाल्ली. बसवराज ताट तसंच ठेवून लॉरीवरचे दोर तपासायला गेले. पुढे काळ्या मातीत लॉरीचं चाक रुतलं, तेव्हा तुरीच्या शेतातल्या बायका आपणहून ढकलायला आल्या. रस्त्याने नाव कुठे चालली, असं विचारून त्या पोट धरून हसल्या आणि जाताना आमच्या हातात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या देऊन गेल्या.

ऊन कलायच्या आत आम्ही काठावर पोचलो. समोर पाण्यात बेट, त्यावर उसाचा हिरवा पट्टा. काठावर बेटावरच्या गावचे गौडा (पाटील) हार घेऊन उभे होते. वीसेक जणांनी ओंडक्यांवरून नाव सरकवत पाण्यात घातली. ती एकदा डावीकडे कलली, मग सरळ झाली. बसवराज जवळच्या दगडावर बसले आणि कुणी दिलेली केळी एकामागून एक खाऊ लागले.

नाव पलीकडे, बेटाच्या वरच्या घाटाला लागली. तिथे पक्क्या पायऱ्या आहेत आणि गौडांचा वाडाही जवळ. नाव तिथेच बांधायची, असं मीच फोनवर त्यांच्याशी ठरवलं होतं. दोर बांधायला कुणी वाकणार, तोच खालच्या वस्तीतली मल्लव्वा पुढे आली. मासे धरणारी, साठीची बाई.

ती मला म्हणाली, "अक्का, नाव दिलीत, बरं झालं. पण घाट कुणाला विचारून निवडलात?"

मग तिने शांतपणे सांगितलं. पुराचं पाणी आधी त्यांच्या वस्तीत शिरतं. मदतीची पोती वरच्या घाटाला उतरली, ती खाली येईतो संपली. घर बांधायची मदत ज्यांच्या नावावर जागा होती त्यांनाच मिळाली, आणि मासे धरणाऱ्यांच्या नावावर कुठली जागा असणार?

गौडांचा चेहरा उतरला. खाली नुसता चिखल आहे, नाव बांधायची कुठे, असं ते म्हणाले. शाळेच्या खोलीला जागा गौडांनीच दिली होती, त्यांना दुखवणं रघुनाथअण्णांच्या जिवावर आलं. बोलायचं मलाच होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "एका घराला विचारलं आणि गावाला विचारलं असं धरून चालले."

सगळे तिथेच पायऱ्यांवर बसले. बोलणं लांबलं, आवाजही चढले. शेवटी गौडांची सून उठली. तिचे दिवस भरत आले होते. सासऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "मामा, नाव खालीच असू दे. खालून वर यायला तिला पाच मिनिटं लागतील. पूर आला तर त्यांच्याकडे पाच मिनिटं नसतात."

गौडा म्हणाले, माझ्या शेतात दगड पडलेत, खालच्या पायऱ्यांना ते न्या. इंजिनाची एक किल्ली मल्लव्वाकडे राहिली, दुसरी सुनेकडे. महिन्यातून एकदा येऊन दुरुस्ती शिकवायचं बसवराजांनी कबूल केलं.

पहिली फेरी खालच्या घाटाची. सुकाणू मल्लव्वाच्या हातात. उतरताना मी घोट्यापर्यंत चिखलात गेले, तोल गेला आणि बसलेच. वस्ती हसली, मीही हसले. मल्लव्वाने तिचं लुगडं नेसायला दिलं आणि माशाच्या कालवणाबरोबर दोन भाकऱ्या आग्रहाने वाढल्या.

परतताना मी त्या लुगड्यातच होते. बसवराज गाढ झोपले होते. मला वाटत होतं, तीन वर्षं आपण मनापासून देत आलो, पण कुणाला विचारायचं, कुठे द्यायचं हे कायम हुबळीत बसून ठरवलं. या विचाराने वाईट वाटायला हवं होतं, पण मन हलकं झालं होतं. हुबळीचे दिवे दिसू लागले तेव्हा रघुनाथअण्णा म्हणाले, "पुढची बैठक माझ्या दुकानात नको. बेटावर घेऊ. आधी त्यांना बोलू देऊ, आपण नंतर."