गौरीच्या दिवशी घेतलेली हजेरी

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. डोळे मिटून झोपाळ्यावर बसलो की हा आवाज अजून कानाशी येतो. पेणच्या आमच्या शाळेत दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. अलीकडे मी सातवीच्या मुलींना कविता शिकवत असे, पलीकडे नुकत्याच रुजू झालेल्या गणिताच्या बाई पाढे म्हणून घेत. मला कविता चालीवर म्हणायची सवय. मुली डोलू लागत, मी एखाद्या हळव्या ओळीशी थबकत असे, आणि नेमक्या त्या जागी पलीकडून साऱ्या वर्गाच्या गळ्यातला सत्त्याऐंशी येऊन आदळे.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी तक्रार घेऊन गेलो. मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, सर. मीच येणार होते. माझ्या मुली एकोणतीसचा पाढा तुमच्या कवितेच्या चालीवर म्हणायला लागल्यात. इन्स्पेक्टरसाहेब आले तर मी काय सांगू?"

म्हात्रेबाईंची आणि माझी ही पहिली ओळख. तास वाटून घेतले, पाढे आधी आणि कविता नंतर, आणि तेव्हा जडलेला स्नेह आजतागायत टिकून आहे. बाईंनी यंदा साठी पूर्ण केली. त्यांच्या माजी विद्यार्थिनींनी या गौरवग्रंथासाठी मला लिहायला सांगितलं, हा मी माझाच गौरव समजतो.

बाईंच्या अध्यापनाबद्दल इतरांनी लिहिलंच असेल. मी एकच आठवण सांगतो. खाडीकडच्या मुली मिठाच्या हंगामात शाळा सोडून आईबापांबरोबर मिठागरावर जात आणि पुढे परत येतच नसत. बाई रविवारी स्वतः तिकडे जाऊ लागल्या. क्षेत्रफळाचा धडा त्यांनी मिठागराच्या बांधावरून मुलींना चालवत शिकवला. त्यांतली एक मुलगी आज याच ग्रंथाच्या समितीत आहे. "बाई बांधावरून घसरल्या नि कंबरेपर्यंत खाऱ्या पाण्यात गेल्या, म्हणून तो धडा लक्षात राहिला," असं ती सांगते. बाई हे नाकारत नाहीत.

पण ज्यासाठी मी मुख्यतः लेखणी उचलली ती गोष्ट शाळेबाहेरची आहे. ती लिहायला बाईंची परवानगी आहे. उलट त्यांनी बजावलं आहे, की झाकून लिहायचं असेल तर लिहूच नका.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. श्री. म्हात्रे तेव्हा नागोठण्याला कंपनीत होते, शिफ्ट सोडून रोज येणं त्यांना जमेना. म्हणून मुंबईच्या इस्पितळात पुष्कळदा माझी पत्नी आणि मी सोबत असायचो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरात आधी कुणाला असं काही?"

"नाही, कुणालाच नाही," बाई ठामपणे म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा. एकदा त्या मला म्हणाल्या, "सर, एखादी कविता म्हणा." सगळं पाठ्यपुस्तक तोंडपाठ असलेल्या मला त्या खाटेशेजारी एक ओळ आठवेना. "राहू द्या, मीच म्हणते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून एकोणतीसचा पाढा सुरू केला. सत्त्याऐंशीपाशी मीही सूर मिसळला. शेजारच्या खाटेवरच्या आजी हात जोडून ऐकत होत्या. त्यांना बहुधा ते स्तोत्र वाटलं.

असंच एकदा बाईंचे थोरले भाऊ हरीदादा रोह्याकडच्या आपल्या गावाहून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ बांधून आले. बाईंना घासही जाणार नव्हता, पण माहेरचं म्हणून त्यांनी डबा उशाशी ठेवून घेतला. हरीदादा खाटेशेजारच्या स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "भागीआत्यासारकंच झालं गो तुझं."

बाई उशीवरून उठल्या. "दादा, भागीआत्याला गाठ होती?"

"व्हय. मोठ्यांना सगल्यांना ठावं हाय. तू तवा ल्हान व्हतीस, तुला म्हनलं कावीळ झाली."

"आणि मथुआत्या?"

"तिला पन तसलंच."

"मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, घरात कुणाला नाही, असं सांगितलं ना मी."

"बरोबर सांगितलंस. भागीआत्या नागोठन्याची, मथुआत्या कासूची. आपल्या घरात कुनाला नाय."

आमच्या या मुलखाबाहेरच्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडची समजूतच अशी, की लेकीने सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं की तिचं नाव, कुळ, देव्हारा बदलतो आणि त्याबरोबर दुखणंसुद्धा. सासरी जे होईल ते सासरचं. माहेरच्या हिशोबात ती धरायचीच नाही.

हरीदादा गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "सर, जन्मभर मुलींना बेरीज शिकवली. घरची बेरीज करताना मात्र सगळ्या लेकी वगळल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं, की काही घराण्यांत हा धोका रक्तातून उतरतो, आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही. रक्तावरून ते सांगणारी परीक्षा अजून आपल्या आवाक्यात नाही. तोवर घरातल्या सगळ्या लेकींनी नेमाने तपासून घ्यावं.

हे ऐकताना बाईंच्या डोळ्यांपुढे एकच नाव होतं. हरीदादांची वंदना. बाईंना मूल नाही. वंदना पेणला त्यांच्याकडेच राहून शिकलेली, आत्याच्या ताटातला शेवटचा घास आपला मानणारी. कोलाडला एका चांगल्या घरी तिचं जमत आलं होतं. हमरस्त्यावर त्यांचं हॉटेल, घरात एकच मुलगा आणि त्याची एक बहीण. पत्रिका जुळली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती.

त्या वर्षी गौरीच्या सणाला बाई माहेरी गेल्या. आम्हा उभयतांनाही आग्रहाने नेलं. कोलाड, नागोठणे, कासू, रोहा, जिथे जिथे दिल्या तिथून लेकी आल्या होत्या, मेलेल्या आत्यांच्या मुलीसुद्धा. जेवणं झाली. मी आणि हरीदादा ओटीवर सुपारी कातरत बसलो होतो. आत बायका फुगड्यांसाठी पदर खोचत होत्या, तेवढ्यात बाईंचा वर्गातला आवाज ऐकू आला.

"फुगडी नंतर. आधी मी हजेरी घेणार आहे. भागीरथी."

आतून कुणीतरी म्हणालं, "ती गेली ना गो. नागोठन्याची."

"नागोठण्याची सून. लेक कुणाची?"

"आपली."

"मथुरा."

"आपलीच," दोघीतिघी म्हणाल्या.

"आणि मी," बाई म्हणाल्या. मागाहून पत्नीने सांगितलं, की तेव्हा त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून सर्वांसमोर ठेवला होता. केस नुकतेच उगवू लागले होते. "तिघीही याच घरच्या. आता मी जीप ठरवली आहे, तुम्ही सगळ्या माझ्याबरोबर मुंबईला यायचं. फक्त बघून घ्यायचं आहे."

कुणीतरी हळूच म्हणालं, "बाय, सासरी काय सांगू?" त्यावर दुसरी म्हणाली, "सांग, बहीण मुंबई दाखवते." तेव्हा कुठे आत हसू फुटलं.

ओटीवर हरीदादांचा अडकित्ता थांबला होता. बाई बाहेर आल्या तशी त्यांनी हलक्या आवाजात म्हटलं, "वंदनाला नको नेऊस. सुपारी फुटंस्तवर तरी थांब."

"सुपारी थांबेल, दादा. गाठ थांबेल का?"

"म्हंजे माझ्याकडनं आलं पोरीला?"

"आलंच असेल असं कुठे आहे? आणि आलं तर आलं. आपलं हे नाकही तूच दिलंस तिला. त्याची लाज वाटते का तुला?"

हरीदादांनी नाकाला हात लावला, पण ते हसले नाहीत.

मुंबईच्या तपासणीत वंदनाला गाठ निघाली. हरभऱ्याएवढी. हाताला नीटशी लागतही नव्हती. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. ऑपरेशनच्या आधी वंदनाने एकच हट्ट धरला. कोलाडच्या लोकांना खरं सांगायचं, न सांगता त्यांचं माप ओलांडायचं नाही. बाई स्वतः तिला घेऊन कोलाडला गेल्या. मुलाच्या आईने, सुलोचनाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. मग आठवड्याभरात निरोप आला, की पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही. हरीदादा दोन वर्षं बहिणीशी बोलले नाहीत.

आज हे लिहिताना मला किती हलकं वाटतं आहे, कसं सांगू? वंदना ठणठणीत आहे. तिचं लग्न कासूच्या एका रेल्वेतल्या मुलाशी झालं. लग्नाआधी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या जीपला ड्रायव्हर लागला तर मला सांगा." ही जीप म्हणजे आता आमच्याकडचा सणच झाला आहे. गौरी गेल्या की त्या आठवड्यात घराण्यातल्या लेकी एकत्र मुंबईला तपासणीला जातात. येताना बाई सगळ्यांना कुल्फी खाऊ घालतात. हळूहळू शेजारणी, शिक्षिका, मिठागरावरच्या जुन्या विद्यार्थिनी जीपमध्ये बसू लागल्या. वंदनानंतर फक्त एकीचे सोडून बाकी सगळ्यांचे निकाल निर्मळ आले, आणि त्या एकीचंही वेळेवर निभावलं. हरीदादा आता दर वर्षी जीपच्या टपावर वालाची गोणी स्वतः बांधतात. डॉक्टरांसाठी. बहिणीशी बोलतातही, जरा जास्तच.

बाईंच्या स्वतःच्या तपासणीला यंदा डॉक्टरांनी सगळे कागद पाहून मान वर केली आणि म्हणाले, "आता मला वर्षातून एकदाच तोंड दाखवा." परतीच्या एस.टी.त पेण येईपर्यंत बाई खिडकीतून बाहेर बघत काहीतरी गुणगुणत होत्या. मी कान देऊन ऐकलं. एकोणतीसचा पाढा होता, माझ्या जुन्या कवितेच्या चालीवर.

पाढा दहाशी थांबतो. बाईंचा थांबू नये. त्यांनी अशाच ठसक्यात, निरोगी शरीराने, आमच्यासारख्या हळव्या माणसांच्या ओळी मोडत पुढची कितीतरी घरं म्हणावीत, आणि ते ऐकायला आम्ही पार्टिशनच्या अलीकडे असावं, एवढंच मागणं.

लेख इथे संपला होता. काल संध्याकाळी तो वाचून दाखवायला मी बाईंकडे गेलो. वंदना माहेरपणाला आली होती, आत चहा करत होती. गौरी परवाच गेल्या. बाईंनी "कंबरेपर्यंत नाही, गुडघ्यापर्यंत" अशी दुरुस्ती सुचवली, ती मी स्वीकारलेली नाही. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात एक वयस्क बाई उभ्या होत्या, मागे पदर चेपत उभी असलेली त्यांची विवाहित मुलगी. मी ओळखलं नाही. म्हात्रेबाई मात्र खुर्चीवरून उठल्या. "सुलोचनाबाई, कोलाडहून एवढ्या लांब?"

त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "जीप उद्या जाते ना? माझ्या बहिणीला निघालंय. डॉक्टर म्हनले, घरातल्या सगल्यांनी बघून घ्या. दोन जागा मिलतील का, बाई?"

बाई काही बोलायच्या आत वंदना कपबशा घेऊन बाहेर आली. तिने दाराकडे पाहिलं. मग कपबशा खाली ठेवून म्हणाली, "आत या ना. ताईंना खिडकीजवळची जागा देऊ. कर्नाळ्याच्या वळणांवर मळमळतं."