कुंकवाखालचा आकडा

जव्हारच्या एका शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या अमेरिकन मोटारीची कारखान्यातली मूळ नोंद मी शोधून काढली. आणि त्याच अभिमानात एका वृद्धाला चारचौघांत खोटे ठरवले.

मालकांना मोटारीला मूळ रंग द्यायचा होता. तरुणपणी तिच्यावर ड्रायव्हर असलेले, आता सूर्यमाळ गावी राहणारे एक म्हातारे बाबा म्हणत, "हिरवी व्हती. शेवाळासारखी." मी शाळामास्तर, पण नाद अशा कागदांचा. बॉनेटखालच्या पट्टीवरचा क्रमांक उतरवून मी अमेरिकेला पाठवला. कारखान्याच्या नोंदवह्या तिथल्या एका संग्रहात जपून ठेवल्या आहेत. उत्तर आले : काळी.

"बाबा, माणूस विसरतो, कारखान्याची वही विसरत नाही," शेडमध्ये जमलेल्यांसमोर मी हळू आवाजात म्हणालो. हळू बोललेले अधिक खोल लागते, हे मला ठाऊक असायला हवे होते. बाबा उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत.

दर दसऱ्याला त्या पट्टीला हळदकुंकू लागे. तेलात मुरून त्याचा थर झाला होता. पूजेचे कुंकू खरवडू नये, म्हणून मी ते तसेच ठेवून आकडे वाचले होते. काळ्या रंगाचे डबे आले, तेव्हा मात्र पट्टी पुसणे भागच होते. रॉकेलच्या बोळ्याखाली थर सुटला आणि आठाच्या जागी तीन निघाला.

मी दुसऱ्याच मोटारीची नोंद मिळवली होती. ती मोटार भलत्याच देशाला रवाना झाल्याचे त्या उत्तरातच लिहिले होते. 'पुढे इकडे विकली असेल' असे म्हणून मी ते सोडून दिले होते. हा दोष कुंकवाचा नव्हता.

खरा क्रमांक पाठवला. उत्तर आले : हिरवी, मुंबई बंदर.

तो कागद घेऊन मी सूर्यमाळला गेलो. अंगणात उभ्यानेच वाचून दाखवला आणि म्हणालो, "बाबा, चुकलो."

"मास्तर, अमेरिकेला इचारलास," बाबा म्हणाले. "मी तर हितंच व्हतो."

"तुमाला इचारायला तिकीट लावाया लागत नाय ना, म्हणून," सून दारातून म्हणाली. बाबा खळखळून हसले. मलाही हसावे लागले.

नोंदीत नुसते 'हिरवी' होते. कोणता हिरवा, हे वहीला माहीत नव्हते. मी रंगांचे कार्ड पुढे केले. बाबांनी ते परत माझ्या हातात दिले.

"हितं नाय. गाडीजवळ नेऊन दाखव."

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीने जव्हारला उतरले. कार्डावरच्या एका छटेवर त्यांनी बोट ठेवले. रंगाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला नको, बाबांना विचार."