गजाननच्या गळ्यातलं मंगळसूत्र

फाईल बंद होते हो, किस्सा काही बंद होत नाही! वर्ध्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर असे किती साचलेत, विचारू नका. माझं काम ओटीपोटाच्या एमआरआयला नेमका कोड लावून बिल विमा कंपनीकडे पाठवायचं. कंपनीचं काम ते परत पाठवायचं! बाजूच्या खुर्चीवर प्रवीण बसतो. माझा राग शांत करायचं काम त्याच्याकडे आहे, आणि ते त्याला अजून जमलेलं नाही.

*

समुद्रपूरची शालू आली तेव्हा रक्तस्रावानं पांढरीफटक पडली होती. गर्भाशयात मोठी गाठ. एमआरआय करून लगेच ऑपरेशन करायचं ठरलं.

मशीनपाशी धातू चालत नाही. बाकी सगळं तिनं काढलं, पण मंगळसूत्र टेबलावर ठेवायला तयार नाही. आमच्याकडच्या बाया करतात तेच तिनं केलं. नवऱ्याला, गजाननला, मान वाकवायला लावली आणि त्याच्याच गळ्यात घातलं!

गजानन एमआरआयच्या दारापुढे खाली मान घालून बसला. साळ्यानं तेवढ्यात फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. "भाऊजीले वहिनी म्हणा आता!" असं खाली लिहिलं.

आम्ही हसलो. पण कंपनीनं शालूची फाईल अडवली, आणि मंजुरीशिवाय ऑपरेशन नाही. माझं हसू तिथंच गेलं.

*

कंपनीचा स्वभाव सांगते. पवनारच्या एका म्हाताऱ्या बाबांचा तोच स्कॅन होता. कंपनीचा मेल आला, "पेशंट गरोदर नसल्याचा दाखला जोडा."

डॉक्टरांनी शांतपणे लिहून दिलं, "पेशंट गरोदर नाही. आम्हाला खात्री आहे. पेशंटलाही आहे."

बाबा विचारतात, "मंजुरी काऊन अडली होती?" मी सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्या बुढीले नका सांगू, थे गावभर पेढे वाटन!"

*

पेशंटही काही कमी नाहीत. तळेगावचे एक काका म्हणाले, "कमरेखालचा फोटो हाये ना? मंग गुडघेही घेऊन टाका त्यातच!"

गुडघ्याचा कोड वेगळा, बिल वेगळं, मी समजावलं. काका उखडले. "वर्ध्याची जीप केली त वाटेत आर्वीले उतरता येते. तुमच्या मशीनले थांबाले का झालं?"

प्रवीण म्हणाला, "काका, हे मशीन नॉनस्टॉप आहे!"

*

तिकडे शालूचं रक्त कमी होत चाललेलं. शेवटी कंपनीचा तपासणी अधिकारी स्वतः आला. फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "हा स्कॅन ह्याच बाईंचा कशावरून? यात चेहरा कुठे आहे?"

"साहेब, ओटीपोटाचा आहे. चेहरा वर असतो!" मी ओरडलेच. प्रवीणनं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"मॅडम, मला पुरावा पाहिजे. दुसऱ्याच बाईला आत पाठवलं असेल तर?"

गजानन कोपऱ्यात उभा होता. इतके दिवस त्या फोटोवरून सगळ्या नात्यागोत्यानं त्याची टर उडवलेली. त्यानं मोबाईल काढून साहेबांच्या पुढ्यात धरला. गळ्यात मंगळसूत्र, मागे एमआरआयचं दार, दारावर पेटलेला लाल दिवा, वर तारीख-वेळ.

"साहेब, शालू आत नसती त हे माह्या गळ्यात कशाले असतं? मले का हौस हाये?"

साहेबांनी फोटो पाहिला, गजाननला पाहिलं. मग तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत हसले. चहा यायच्या आत मंजुरी आली! सगळ्या काउंटरनं टाळ्या वाजवल्या. मी तर रडलेच, लपवत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूला ऑपरेशनला नेताना नर्सनं मंगळसूत्र काढायला सांगितलं. तिनं हात मानेकडे नेला, तर गजाननची मान आधीच वाकलेली!

मंगळसूत्र गळ्यात पडल्यावर तो ताठ उभा राहिला, केस सारखे केले आणि मला म्हणाला,

"म्याडम, फोटो काढा. कंपनीचा का भरोसा!"