रिकाम्या भुशाला शेक

दिवाळीनंतर कंपनीची गाडी पिल्लं घेऊन आली, त्या दिवसाची गोष्ट. नेकनूरजवळ आमचं ब्रॉयलरचं शेड हाय, अन् बांधापलीकडं शमीमभाभीचं. गाडी एकच, पिल्लं एकच, खाद्य एकच... पण बॅच निघायची तवा तिची कोंबडी दोन किलोच्या वर, अन् माझी दीडवरच बसलेली.

मी धा वर्षं झाली कोंबड्या करतोय. तिनं शेड टाकून दोन वर्षं. खोटं कशाला लिहू... लई जळायचो.

त्यात कंपनीच्या सुपरवायझरनं तोंडावर सांगितलं, "तात्या, अजून एक बॅच अशी गेली तर पिल्लं बंद." बंद म्हंजी शेड रिकामं. ह्या वयात मी दुसरं काय करू?

मला पक्का डाउट होता, गाडीवाला तिला चांगल्या पेट्या देतो. म्हणून त्या दिवशी मीच गाडीत चढलो. एकेक पेटी उघडून टवटवीत पिल्लं माझ्याकडं उतरवली, उरलेली गेली तिला. म्हणलं, आता बघतोच.

पिल्लं भुशावर सोडली, मग बल्ब लावले. खाद्याची भांडी काठोकाठ भरली, पाणी ठेवलं... झालं. आपल्याला नाटकं जमत न्हाईत.

मग दाभण मागायच्या निमित्तानं बांध ओलांडला. तिच्या शेडात शिरलो तर तोंडाला ऊब लागली. ती म्हणली, पिल्लं यायच्या आदल्या दिवसापासूनच बल्ब लावून ठेवलते. भुशावर पेपर, पेपरवर मक्याचा भरडा, पाण्यात गूळ... जसे काय पाव्हणेच येणार होते.

मी हसलो. "काय भाभी, रिकाम्या भुशाला थंडी वाजती का?"

ती चिडली न्हाई. एक पिल्लू उचलून माझ्या हातावर ठेवलं. "हातानं नै समजत, तात्या. त्याचे पाय गालाला लावा."

साठीतला माणूस, चार दिवसाची दाढी, अन् गालावर पिल्लाचे पाय... कोमट होते.

"आता तुमच्याकडचं बघा जाऊन," ती म्हणली. "पाय गार असले तर पिल्लू खात नै, गोळा होऊन बसतं. पयल्या हप्त्यात मागं राहिलं ते राहिलंच."

दाभण तिथंच विसरून पळत आलो. माझी निवडून आणलेली पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून बसलती. भरल्या भांड्याकडं एक बी फिरकलं नव्हतं. एक उचलून गालाला लावलं... बर्फ.

मग काय, बल्ब खाली घेतले, पडदे सोडले, पेपर अंथरून भरडा टाकला. पुढं बी भांडी एकदाच भरून ठेवायचं सोडलं. दिवसातून पाच-सहा येळा थोडं थोडं टाकायचो अन् हातानं हलवायचो, की पिल्लं उठून यायची.

बॅच पावणेदोनला टेकली. सुपरवायझर म्हणला, "देतो पुढची. पण आधी शेड तापवा."

अन् भाभीची? दोनच्या वर. मी टाकून दिलेल्या पेट्यांतून!

परवा नवी बॅच आली. मी आदल्या दिवशीच बल्ब लावून, भुशात हात घालून बसलतो. आमची मंडळी दारात हुभी राहून म्हणली, "अवं, रिकाम्या भुशाला थंडी वाजती का?"

हे तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक हाय. बांधापलीकडून हसायचा आवाज आलाच.

जळतो अजून बी. पण भाभीनं ते पिल्लू हातावर ठेवलं नसतं तर आज शेडात नुसता झाडलेला कोबा असता... उपकार हायत तिचे, चारचौघांत लिहून टाकतो. म्हणून ह्या बारीला गाडी आली तवा म्हणलं, "भाभी, आधी तुमी निवडा."

तिनं न बघताच वरच्या पेट्या उचलल्या अन् गेली. त्याचाच लई राग आला.